एक किलो रॅममधून ज्वारीच्या दाण्याएवढं सोनं

तालुक्याच्या गावात एमएस-सीआयटीचा क्लास बंद पडतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतली संगणक खोली रिकामी होते, आणि जुने डबे किलोच्या भावाने कबाड्याकडे जातात. त्याच सुमारास कुणाच्या तरी मोबाइलवर एक व्हिडिओ येतो. बादलीत हिरवं पाणी, त्यावर तरंगणारे सोनेरी पापुद्रे आणि शेवटी मुशीत चकाकणारी गोळी. हे व्हिडिओ बहुतेक वेळा खोटे नसतात. सुरुवातीला किती माल घातला आणि शेवटी उरलेल्या पाण्याचं काय केलं, एवढंच त्यात दाखवत नाहीत. नफा-तोटा मात्र याच दोन गोष्टींवर ठरतो. म्हणून आधी हिशोब पाहू, मग रसायन.

सोनं कुठं असतं आणि किती

कॉम्प्युटरमध्ये सोनं वापरतात कारण ते गंजत नाही. जिथे दोन भाग एकमेकांना टेकून वीज जायची असते, तिथे तांब्यावर आधी निकेलचा आणि त्यावर सोन्याचा मुलामा असतो. रॅमच्या (कॉम्प्युटरच्या मेमरीच्या) पट्टीच्या कडेचे सोनेरी दाते, साउंड कार्ड आणि ग्राफिक्स कार्डाचे दाते, जुन्या प्रोसेसरच्या पिना, मदरबोर्डवरच्या सॉकेटच्या आतल्या पिना, या त्या जागा. शिवाय काळ्या चिपच्या पोटात केसाहून बारीक तारा असतात. त्या पूर्वी सोन्याच्या असत. सोन्याचा भाव चढला तसे कारखाने 2010 च्या आसपास मोठ्या प्रमाणावर तांब्याच्या तारांकडे वळले. त्यामुळे नवा माल जुन्यापेक्षा गरीब आहे.

दात्यांवरचा मुलामा जाड असतो म्हणजे किती? चांगल्या प्रतीच्या दात्यांवर सुमारे 0.76 मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सोन्याची घनता दर घनसेंटिमीटरला 19.3 ग्रॅम. म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर 0.76 मायक्रॉन थर असेल तर सोनं भरतं जेमतेम दीड मिलिग्रॅम. डीडीआर-3 रॅमच्या पट्टीला दोन्ही बाजू मिळून 240 दाते असतात, प्रत्येक साधारण दोन चौरस मिलिमीटरचा. सगळे मिळून पावणेपाच चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका पट्टीवर फार तर सात मिलिग्रॅम सोनं. किलोभर रॅममध्ये साधारण साठ पट्ट्या बसतात. साठ साते चारशे वीस मिलिग्रॅम. अर्धा ग्रॅमसुद्धा नाही, आणि तेही मुलामा पूर्ण जाडीचा असेल तर. स्वस्त कंपन्यांच्या पट्ट्यांवर तो पातळ असतो.

मदरबोर्डवर इकडेतिकडे दिसणाऱ्या पिवळ्या टिकल्यांना भुलू नये. तो थर बहुधा 0.05 ते 0.1 मायक्रॉनचा असतो, म्हणजे दात्यांच्या मुलाम्याच्या सातव्या ते पंधराव्या हिश्शाचा. स्क्रू, अँटेनाची टोकं, ऑडिओच्या पिना यांतलं बरंच पिवळं तर पितळ असतं. कानशीने हलकं घासून पाहावं. आतूनही पिवळं दिसलं तर पितळ. आत पांढरं आणि त्याच्याही आत लाल दिसलं तर निकेल आणि तांबं, म्हणजे वरचा थर सोन्याचा असू शकतो.

प्रोसेसरचीही अशीच गत आहे. 1995 सालचा इंटेलचा पेंटियम प्रो सिरॅमिकचा होता. त्यात सोनं भरपूर, म्हणून भंगारात तो मान राखून आहे. आपल्याकडच्या क्लासांमध्ये आले ते पेंटियम फोर आणि त्यापुढचे. 2004 पासून इंटेलने प्रोसेसरच्या पोटाखालच्या पिना काढून त्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये नेल्या. तेव्हापासून प्रोसेसरच्या खाली नुसते सपाट पातळ ठिपके उरले.

टोकियो ऑलिम्पिकची पदकं जुन्या उपकरणांतून बनवली, हे अनेकांनी वाचलेलं असतं. त्यासाठी जपानने 78,985 टन जुनी उपकरणं गोळा केली. त्यात 62 लाखांवर मोबाइल होते. सोनं निघालं सुमारे 32 किलो. टनामागे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. पंखे, ट्रान्सफॉर्मर, प्लास्टिकचे डबे सगळं एकत्र धरलं की असं होतं. नुसते सर्किट बोर्ड वेगळे काढले तर टनामागे शंभर-दोनशे ग्रॅम सोनं भेटू शकतं. हा फरक स्क्रूड्रायव्हर आणि पकडीने केलेल्या निवडीचा आहे, अ‍ॅसिडचा त्यात काही वाटा नाही.

अ‍ॅसिड सोन्याला हात लावत नाही

पहिल्या टप्प्यात रसायन सोनं विरघळवत नाही. सोन्याखालचं तांबं आणि निकेल ते खातं, आणि आधार गेल्यावर सोन्याचा पापुद्रा सुटून पाण्यात येतो. हे नीट ध्यानात आलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

तयारीत सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दाते कापून घेणं. पत्रा कापायच्या कात्रीने पट्टीची फक्त सोनेरी कड कापायची. किलोभर रॅममधून साधारण शंभर ग्रॅम कड निघते. कडेला चिकटून एखादी चिप किंवा सोल्डरचा ठिपका आला तर तो भाग छाटून टाकायचा. सोल्डर म्हणजे कथिल आणि शिसं (2006 नंतरच्या मालात बहुधा शिसं नसतं, कथिल असतंच), आणि कथिल हा या सगळ्या कामातला मुख्य शत्रू आहे. त्याचे प्रताप पुढे येतील.

या शंभर ग्रॅम दात्यांना 200 मिलिलिटर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लागतं, बाजारात भेटणारं 30 ते 33 टक्क्यांचं. त्यात औषधाच्या दुकानातलं 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 50 मिलिलिटर. भांडं काचेचं किंवा जाड प्लास्टिकचं, आणि झाकण सैल. घट्ट बूच लावलं तर आतला वायू भांडं फोडतो. पहिल्या काही तासांत द्रव हिरवा होतो. हा हिरवा रंग कॉपर क्लोराइडचा. इथून पुढे तांबं खाण्याचं काम तोच करतो. पेरॉक्साइड नुसतं सुरुवात करून देण्यापुरतं असतं. त्या 50 मिलिलिटरमध्ये फक्त साडेपाच ग्रॅम तांबं विरघळवण्याइतका ऑक्सिजन असतो. बाकीचं तांबं हवेतल्या ऑक्सिजनवर विरघळतं. कॉपर क्लोराइड तांबं खाऊन थकतं, तेव्हा द्रव काळपट तपकिरी होतो. माशांच्या टाकीच्या पंपाने त्यात हवेचे बुडबुडे सोडले की तो पुन्हा हिरवा होऊन कामाला लागतो. थंडीत आठवडा लागतो, उन्हाळ्यात दोन-तीन दिवस.

इथे घाई करणारे पेरॉक्साइड ओतत राहतात. त्याने दोन गोष्टी होतात. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमधून क्लोरीन वायू सुटायला लागतो, आणि थोडं सोनंही विरघळतं. विरघळलेलं सोनं भांड्यात तांबं शिल्लक असेपर्यंत तांब्यावर काळ्या भुकटीच्या रूपात परत बसतं, म्हणजे हरवत नाही. पण तांबं संपल्यावर पेरॉक्साइड जास्त झालेलं असेल तर सोनं हिरव्या पाण्यात जातं आणि डोळ्याला दिसत नाही. लोक ते पाणी फेकून देतात आणि मग म्हणतात, माल बोगस होता.

पापुद्रे सुटले की प्लास्टिकच्या चाळणीतून पट्ट्या बाजूला काढायच्या आणि द्रव गाळायचा. गाळलेल्या पापुद्र्यांवर लगेच साधं पाणी ओतलं तर पांढरा लगदा तयार होतो. तो क्युप्रस क्लोराइड. अ‍ॅसिडमध्ये विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून पहिली धुणी पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची द्यायची, पाणी त्यानंतर. थंड झाल्यावर पांढऱ्या सुया दिसल्या तर ते शिशाचं क्लोराइड, म्हणजे छाटणीत सोल्डर राहून गेलं. ते गरम पाण्याने धुऊन निघतं. ते पाणी मात्र विषारी, वेगळ्या डब्यात ठेवायचं.

प्रोसेसरच्या पिनांवर हीच पद्धत चालते, फक्त फार हळू. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पिना बहुधा लोखंड, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूच्या असतात. लोहचुंबकाला चिकटल्या की तेच समजायचं.

आम्लराज

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आम्लराज येतं. संहत हायड्रोक्लोरिक आणि संहत नायट्रिक आम्ल, तीनास एक. नायट्रिक एकटं सोनं विरघळवू शकत नाही, हायड्रोक्लोरिकही नाही. नायट्रिक सोन्याचे अणू सुटे करतं आणि हायड्रोक्लोरिकमधलं क्लोराइड त्यांना लगेच पकडून द्रावणात ठेवतं. दोघांनी मिळून केलं तरच हे काम होतं.

पुस्तकातलं तीनास एक हे प्रमाण समजावण्यासाठी आहे, भांड्यात तसं ओतायचं नसतं. एक ग्रॅम सोन्याला सुमारे 4 मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आणि 1 मिलिलिटर नायट्रिक पुरतं. आपल्या किलोभर रॅमच्या 0.4 ग्रॅमला नायट्रिक अर्धा मिलिलिटरसुद्धा लागत नाही, म्हणजे ड्रॉपरचे आठ-दहा थेंब. पापुद्रे बुडतील इतकं, दहा-एक मिलिलिटर हायड्रोक्लोरिक घ्यायचं, किंचित ऊब द्यायची आणि नायट्रिक थेंबाथेंबाने सोडायचं. एक थेंब टाकला की बुडबुडे थांबेपर्यंत दुसरा टाकायचा नाही. सोनं विरघळलं की द्रव पिवळा-नारिंगी होतो. हिरवट दिसला तर तांबं राहिलेलं आहे.

इतकं जपून नायट्रिक टाकायचं कारण पुढच्या पायरीत आहे. सोनं परत खाली बसवताना नायट्रिक शिल्लक असलं, तर खाली बसलेलं सोनं ते पुन्हा विरघळवतं. तुम्ही भुकटी टाकत राहता, वर तपकिरी धूर येत राहतो, आणि तळाला काहीच येत नाही. नायट्रिक जास्त झालंच तर द्रव न उकळता मंद आचेवर काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवायचा, त्यात थोडं हायड्रोक्लोरिक घालायचं आणि पुन्हा आटवायचं. असं तीनदा. सल्फॅमिक अ‍ॅसिडने हे काम लवकर होतं. युरियाचं नाव बरेच जण घेतात, घरात पोतं पडलेलं असतं म्हणून. त्याचा उपयोग कमी आणि फेस जास्त.

मग हा द्रव तिप्पट पाण्यात हळूहळू ओतून थंड करायचा. तळाला पांढरं काही बसलं तर ते चांदीचं क्लोराइड. फिल्टर पेपरने दोनदा गाळून स्वच्छ पिवळं पाणी घ्यायचं.

आता कथिलाचे प्रताप. सोल्डर लागलेला माल सरळ नायट्रिकमध्ये टाकला तर कथिलाचा पांढरा चिकट गोळा होतो. तो गाळता येत नाही आणि त्याच्यात सोनं अडकून बसतं. विरघळलेलं कथिल सोन्याच्या द्रावणात आलं तर द्रव जांभळा होतो. सोन्याचे कण इतके बारीक होतात की ते फिल्टरमधूनही जातात आणि तळालाही बसत नाहीत. आख्खे बोर्ड अ‍ॅसिडच्या ड्रममध्ये बुडवणाऱ्यांचं सोनं बहुतेक इथेच जातं.

गंमत अशी की हाच जांभळा रंग सोनं ओळखायच्या परीक्षेत कामी येतो. कथिलाचा तुकडा, किंवा शिसं नसलेल्या सोल्डरच्या तारेचा तुकडा, गरम हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचा आणि थोडं कथिल न विरघळता तळाला राहू द्यायचं. फिल्टर पेपरवर आपल्या द्रावणाचा एक थेंब, त्यावर याचा एक थेंब. जांभळा किंवा काळा डाग उमटला तर सोनं आहे. डाग उमटला नाही, तर ओतून देण्याआधी परीक्षेचं औषध ताजं आहे का ते बघायचं, कारण हे औषध काही दिवसांत मरतं.

हिराकस

सोनं खाली बसवायला व्हिडिओत सोडियम मेटाबायसल्फाइट दाखवतात. तेही चांगलं. एक ग्रॅम सोन्याला हिशोबाने 0.72 ग्रॅम लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्त. पण त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि दमेकऱ्याला तो सहन होत नाही. विदर्भातल्या कृषी केंद्रात हिराकस सहज भेटतं. संत्र्याच्या झाडाला लोहाची कमतरता आली की कास्तकार तेच वापरतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्यातलं लोह आपल्याकडचे इलेक्ट्रॉन सोन्याला देतं आणि सोनं धातू होऊन तळाला येतं. वर हे तांब्याला किंवा निकेलला खाली ओढत नाही, त्यामुळे सोनं जास्त शुद्ध निघतं.

हिशोबाने एक ग्रॅम सोन्याला 4.2 ग्रॅम हिराकस लागतं. आपल्या 0.4 ग्रॅमला पावणेदोन ग्रॅम, म्हणून चार ग्रॅम घ्यावं. खडे हिरवेगार असले पाहिजेत. पिवळे-तांबूस पडलेले म्हणजे हवेने आधीच खराब झालेले, त्यांत सोन्याला द्यायला काही उरलेलं नसतं. खडे वीसेक मिलिलिटर पाण्यात विरघळवायचे, त्यात थेंबभर हायड्रोक्लोरिक टाकायचं (नाहीतर लोहाचाच तांबडा गाळ होतो), गाळायचं आणि सोन्याच्या पाण्यात हळूहळू सोडायचं. द्रव आधी काळपट, मग चिखलासारखा तपकिरी होतो. रात्रभर हलवायचं नाही. सकाळी तळाला तपकिरी भुकटी आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. वरच्या पाण्याची पुन्हा कथिलाने परीक्षा घ्यायची. डाग आला तर आणखी हिराकस.

तपकिरी रंग पाहून पुष्कळ जण निराश होतात. बारीक सोन्याचा रंग तसाच असतो. ही भुकटी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने आणि गरम पाण्याने आलटून पालटून, धुणीचं पाणी बिनरंगी येईपर्यंत धुवायची. मग वाळवून, टाकणखार घातलेल्या मुशीत वितळवायची. सोनं 1064 अंशांना वितळतं, साध्या गॅसच्या शेगडीवर होत नाही. सोनाराकडची ऑक्सिजनची ज्योत लागते.

0.4 ग्रॅम सोन्याच्या गोळीचा व्यास भरतो साडेतीन मिलिमीटर. ज्वारीचा दाणा. किलोभर रॅम, पाव लिटर अ‍ॅसिड, आठवडाभर थांबणं आणि पेपरातल्या आजच्या एका ग्रॅमच्या भावाचे दोन-पंचमांश. त्यातून रॅमची किंमत, अ‍ॅसिड, टाकणखार आणि सोनाराची मजुरी वजा. सराफही ही गोळी शुद्ध म्हणून घेत नाही. नागपूरच्या इतवारी सराफ्यात किंवा अकोल्यात नेली तरी आधी टंच (सोन्याची शुद्धता) काढतात, आणि पैसे त्या टंचावर भेटतात. बिल नसलेल्या गोळीकडे सराफ संशयाने बघणार, तेही धरून चाला.

धूर, उन्हाळा आणि विहीर

आम्लराजातून निघणारा तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. त्याचा धोका असा की तो हुंगल्यावर थोडा खोकला येतो आणि बरं वाटायला लागतं. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून तपकिरी धूर छातीत गेलेल्या माणसाला तो ठणठणीत दिसत असला तरी दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरला वायूचं नाव सांगायचं. फवारणीच्या वेळी तोंडाला बांधतात तो रुमाल किंवा कापडी मास्क या वायूला अडवत नाही. बंद खोलीत, कोठ्यात किंवा कूलरच्या समोर हे काम करणं म्हणजे स्वतःसोबत घरच्यांना आणि ढोरांनाही त्यात ओढणं. प्रयोगशाळेत यासाठी धूर ओढून नेणारं कपाट असतं. ते नसेल तर आम्लराजाची पायरी करूच नये, हे आमचं स्पष्ट मत.

विदर्भाचा उन्हाळा या कामाला वाईट आहे. 45 अंशांत हायड्रोक्लोरिकची बाटली उघडताच धूर मारते आणि टिनाच्या खोलीतली प्रत्येक लोखंडी वस्तू गंजवते. पेरॉक्साइडच्या बाटलीत दाब तयार होतो. पाणी अ‍ॅसिडमध्ये ओतायचं नाही, अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं. डोळ्यावर चष्मा, हातात रबरी मोजे, शेजारी भरलेली पाण्याची बादली आणि खाण्याचा सोडा.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. सोन्याच्या द्रावणात अमोनिया किंवा अमोनियाचं कोणतंही खत जाऊ द्यायचं नाही. त्यातून तयार होणारा सोन्याचा संयुग वाळला की नुसत्या घासण्याने फुटतो. आणि बोर्ड जाळायचे नाहीत. त्यांच्या प्लास्टिकमध्ये आग रोखणारं ब्रोमीन असतं. उघड्यावर जाळलं की डायॉक्सिनसारखी विषं आणि शिशाची वाफ निघते, ती राखेसोबत अंगणात बसते.

आता उरलेलं हिरवं पाणी. व्हिडिओ इथेच संपतो. काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि त्या भेगांमधून ओतलेलं पाणी लगेच खोल जातं. नाल्यात ओतलं तर ढोरं तेच पाणी पितात. तांबं मेंढ्यांना फार लवकर बाधतं. निकेल आणि शिसं विहिरीत उतरलं की उकळूनही जात नाही.

त्या पाण्यात लोखंडाचा कीस किंवा जुने खिळे टाकले की तांबं लाल भुकटी होऊन लोखंडावर बसतं. तांब्याची भुकटी भंगारात विकली जाते. द्रव फिका हिरवट झाला आणि स्वच्छ खिळ्यावर तांबं चढेनासं झालं की त्यात चुन्याची निवळी हळूहळू घालायची, पीएच कागदावर 9 ते 10 येईपर्यंत. निकेल, लोह आणि उरलंसुरलं तांबं यांचा गाळ खाली बसतो. वरचं पाणी तपासून, अ‍ॅसिडने पुन्हा 7 वर आणायचं. गाळ वाळवून झाकणाच्या ड्रममध्ये ठेवायचा. तो शेतात टाकायचा नाही, उकिरड्यावरही नाही. तो घातक कचरा आहे, आणि विदर्भात अशा कचऱ्याची सामायिक सुविधा बुटीबोरीला आहे. तिथे माल घेतात तो नोंदणी असलेल्या उद्योगाचा. घरगुती ड्रम घेऊन गेलेल्या माणसाला तिथे कुणी विचारत नाही.

कायदाही याच टोकाला येऊन थांबतो. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. पुनर्चक्रण करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि अ‍ॅसिडने धातू काढायचा कारखाना चालवायला राज्य मंडळाची संमती. अ‍ॅसिड विकत घेतानाही 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दुकानदार ओळखपत्र मागतो आणि वहीत नोंद करतो. एखाद्या शिक्षकाने शाळेच्या प्रयोगशाळेत पाच-दहा दात्यांवर पहिला टप्पा दाखवणं वेगळं, आणि परसात ड्रम मांडून धंदा करणं वेगळं.

गावात बसून काय जमतं

निवड. यात पैसा आहे आणि फुप्फुसं शाबूत राहतात. कबाडी मिसळ मालाला लोखंडाच्या आसपासचा भाव देतो. तोच माल रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड, हार्ड डिस्कचे बोर्ड, पॉवर सप्लाय, वायर असा वेगवेगळ्या चुंगड्यांत (पोत्यांत) भरला तर नागपूर-अमरावतीचा नोंदणीकृत खरेदीदार प्रत्येकाला वेगळा भाव देतो. मोठ्या कारखान्यांमध्ये हे बोर्ड शेवटी तांब्याच्या भट्टीत जातात. वितळलेलं तांबं सोनं, चांदी आणि पॅलेडियम आपल्यात ओढून घेतं, आणि पुढे विजेने तांबं शुद्ध करताना ते तळाच्या गाळात भेटतात. बेल्जियममधल्या होबोकनसारख्या ठिकाणी हे काम टनांनी चालतं. तिथे ज्वारीच्या दाण्यांचीही बेरीज होते, आणि आपल्याकडच्या अ‍ॅसिडात वाया जाणारं पॅलेडियमही भेटतं.

निवड करताना रॅमचे दाते कापू नका. कापलेली पट्टी खरेदीदार खालच्या प्रतीत टाकतो, कारण चिपच्या पोटातल्या तारांचा हिशोब तो आख्ख्या पट्टीवर लावतो. प्रोसेसरच्या पिना वाकल्या तरी चालतात, उपटल्या तर नाही. मदरबोर्डवरचा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि गोल बटणाचा सेल काढून वेगळे ठेवा. सेल बोर्डसोबत गेला तर खरेदीदार वजन कापतो, आणि ओल्या चुंगडीत तो तापतो. पॉवर सप्लाय उघडायचा असेल तर प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ झटका शिल्लक असतो. हार्ड डिस्क विकण्याआधी तिच्या तबकड्या ड्रिलने भोकं पाडून निकामी करा. क्लासमधल्या पोरांची आधार कार्डं आणि फोटो त्यात असतात.

माल ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा असेल तर त्याचं निर्लेखन झाल्याचा (दप्तरातून तो माल कमी केल्याचा) कागद आधी हातात घ्या. तो नसेल तर खरेदीदार घेत नाही, आणि घेतला तर चौकशीत विकणाऱ्याचं नाव येतं.

जुने जाड मॉनिटर हा या सगळ्यातला न विकला जाणारा भाग. मागच्या फनेलच्या काचेत शिसं असतं आणि मानेभोवती थोडं तांबं. कबाडी तेवढं तांबं काढून घेतो आणि फुटकी काच नाल्याच्या काठी जाते. बोर्डांचा सौदा करताना मॉनिटरही न फोडता सोबत उचलायची अट घाला. बोर्ड हवे असलेला खरेदीदार ती मान्य करतो. बोर्ड आधी देऊन टाकले की मॉनिटर तुमच्याच परसात राहतात.